चेहऱ्यावरील घाव आणि मेंदूतील पडसाद

झाशीच्या नेवाळकर घराण्यात शिवरावभाऊंचे दोन पुत्र एकामागून एक गादीवर आले. १८३५ साली रामचंद्ररावांचा मृत्यू झाल्यावर रघुनाथरावांकडे राज्य आले. ते कुष्ठरोगाने पीडित होते आणि १८३८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून आलेले त्यांचे धाकटे बंधू गंगाधरराव, म्हणजेच राणी लक्ष्मीबाईंचे पती, हे नाट्यकलेचे मोठे षोकी म्हणून प्रसिद्ध होते. या दोन भावांच्या आयुष्यांत वरवर पाहता काही साम्य दिसत नाही. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्यांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो अक्षरशः धागाच आहे. रंगभूमीवरील नटाचा राग, शोक, विस्मय आणि हास्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणारा जो मज्जातंतू, त्याच मज्जातंतूच्या शाखांवर कुष्ठरोग पुष्कळदा घाला घालतो. त्याचे नाव आनन-मज्जातंतू. आनन म्हणजे मुख. मुखाला हालविणारा तो आनन-मज्जातंतू.

या मज्जातंतूस इजा झाली म्हणजे चेहऱ्याचा अर्धा भाग निश्चल होतो, हे कोणालाही दिसते. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही ते याहून विलक्षण आहे. घाव होतो कानाजवळ किंवा गालात. मात्र त्याची सर्वांत मोठी उलथापालथ घडते ती मेंदूच्या तळाशी, घावापासून कित्येक सेंटिमीटर दूर असलेल्या पेशींमध्ये. त्या पेशी आपले नेहमीचे काम टाकून दुसऱ्याच कामाला लागतात, शेजाऱ्यांशी असलेले संबंध तोडतात, आणि पुढे ते पुन्हा जोडतात. हे जोडणे कितपत अचूक होते यावर त्या माणसाचे हास्य पूर्ववत होईल की नाही हे अवलंबून असते. ही सर्व हकीकत शास्त्रज्ञांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खपून उलगडली आहे.

आरशासमोरील परीक्षा

झाशीतील एखाद्या घरी सकाळी उठून कोणी चूळ भरू लागतो, तो पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळून जाते. आरशात पाहावे तर एक डोळा पुरता मिटत नाही, तोंड दुसऱ्या बाजूस ओढले गेले आहे आणि कपाळाची एक बाजू सपाट झाली आहे. गल्लीतील हिंदी भाषक शेजारी म्हणतात, हवा लागली, लकवा झाला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या मराठी घरातील वृद्ध म्हणतात, वारे गेले. आयुर्वेदातही या विकाराचा समावेश वातव्याधींत केलेला असून सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अर्दित’ या नावाने त्याचे वर्णन आढळते. थंड वाऱ्याने तोंड वाकडे होते ही समजूत अशी फार जुनी आहे.

वाचकाने स्वतः आरशासमोर उभे राहून चार गोष्टी करून पाहाव्यात: भुवया वर चढवाव्यात, डोळे घट्ट मिटावेत, गाल फुगवावेत आणि दात दाखवावेत. या चारही क्रिया आनन-मज्जातंतूच्या आज्ञेने होतात. वैद्य रोग्याकडून हेच करवून घेतात. त्यात कपाळाकडे ते विशेष लक्ष देतात, आणि याला महत्त्वाचे कारण आहे. कपाळाच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशींना मोठ्या मेंदूच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही अर्धांकडून निरोप मिळत असतात. म्हणून मोठ्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने किंवा तुंबल्याने अर्धांगवायू झाला, तर तोंड वाकडे होते, परंतु कपाळावर आठ्या बहुधा घालता येतात. याउलट मज्जातंतूलाच इजा झाली असेल तर कपाळासकट सारा अर्धा चेहरा निकामी होतो. हा निर्णय मात्र घरी करावयाचा नव्हे. तोंड एकाएकी वाकडे झाले तर रोग्यास ताबडतोब रुग्णालयात नेणे हेच योग्य. कारण अर्धांगवायूत एकेक घटका मोलाची असते.

मज्जातंतूचा मार्ग

मेंदू आणि मज्जारज्जू यांना सांधणारा जो देठासारखा भाग, त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास, हृदयाची गती, गिळणे, पापणी मिटणे अशा क्रियांचे नियंत्रण तेथून चालते. या स्तंभाच्या मध्यभागास सेतू असे नाव आहे. सेतूच्या खालच्या अंगास, उजवीकडे एक व डावीकडे एक, अशा दोन ठिकाणी मज्जापेशींचे दाट समूह असतात. त्यांना आनन-पुंज म्हणता येईल. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू त्याच बाजूच्या पुंजाच्या ताब्यात असतात.

या पुंजातील प्रत्येक पेशीस एक लांब शेपूट असते. त्याला अक्षतंतू म्हणतात. असे सुमारे ७,००० अक्षतंतू एकत्र येऊन आनन-मज्जातंतूचा चेहरा हालविणारा भाग तयार होतो. त्याच्याच सोबत जिभेच्या पुढच्या भागाची रुची आणणारे आणि अश्रू व लाळ यांच्या ग्रंथींना चालना देणारे तंतूही असतात. म्हणून या विकारात कित्येकांची चव जाते किंवा डोळा कोरडा पडतो. कानाच्या आत एक इवलासा स्नायू असून तो मोठ्या आवाजाचा जोर कमी करतो. त्याची शाखा निकामी झाली तर साधा आवाजही कर्कश वाटतो.

मेंदूतून निघाल्यावर हा मज्जातंतू कानशिलाच्या हाडातील एका अरुंद व वळणदार बोगद्यात शिरतो. कानामागील उंचवट्याच्या खालून तो बाहेर पडतो, लाळग्रंथीतून जातो, आणि तेथे त्याच्या कपाळ, डोळा, गाल, खालचा जबडा व मान यांच्याकडे जाणाऱ्या पाच प्रमुख शाखा होतात. हाडातील बोगदा हीच त्याची अडचणीची जागा. मज्जातंतूस सूज आली तर पसरावयास वाव नसतो. तो आपल्याच घरात चेपला जातो.

या मज्जातंतूचे कार्य प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक सर चार्ल्स बेल यांना देतात. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईतील जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या होत्या. ते उत्तम चित्रकारही होते आणि मुखावरील भावांचा त्यांचा विशेष अभ्यास होता. १८२१ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मज्जातंतूंविषयी निबंध वाचला. एकाएकी उद्भवणाऱ्या आणि स्पष्ट कारण न सापडणाऱ्या मुखाच्या लकव्यास आजही बेल यांचेच नाव आहे.

निसल यांचा प्रयोग

बेल यांनी मज्जातंतूचे कार्य सांगितले. पण तो तुटल्यावर त्याच्या उगमाशी काय घडते हा प्रश्न तसाच राहिला होता. त्याचे उत्तर जर्मन वैद्य फ्रान्झ निसल यांनी १८९२ साली दिले. त्यांनी सशाचा आनन-मज्जातंतू उपटून काढला आणि काही दिवसांनी मेंदूच्या पातळ कापांवर रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली आनन-पुंज तपासला. निरोगी बाजूच्या पेशींत रंग घेणारे ठळक कण विखुरलेले होते. जखमी बाजूच्या पेशी फुगल्या होत्या, त्यांतील कण विरघळल्यासारखे दिसत होते, आणि पेशीचे केंद्र मधली जागा सोडून कडेस सरकले होते. शस्त्र मेंदूला लागलेच नव्हते. तरीही मेंदूतील पेशी जखमी झाल्याची खूण स्पष्ट होती.

त्या कणांना पुढे निसल यांचेच नाव मिळाले. १९५५ साली पॅले आणि पलाडे या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले की, हे कण म्हणजे पेशीतील प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेचे थर होत. तेव्हा या कणांचे विरघळणे म्हणजे पेशीचा मृत्यू नसून कारखान्यातील यंत्रांची मांडामांड बदलणे होय, हे हळूहळू ध्यानात आले. पेशी एका मालाचे उत्पादन थांबवून दुसऱ्याची तयारी करीत असते.

ही तुलना शब्दशः खरी ठरते. निरोगी पेशीचा मुख्य व्यवसाय म्हणजे स्नायूंस आज्ञा पोहोचविणे. त्यासाठी तिला ॲसेटिलकोलीन हे निरोप वाहणारे रसायन बनवावे लागते. अक्षतंतू तुटला की हे रसायन बनविणाऱ्या विकराचे प्रमाण घटते. आणि नवा तंतू उभारण्यास लागणाऱ्या ट्यूब्युलिन, ॲक्टिन यांसारख्या प्रथिनांचे उत्पादन वाढते. तारयंत्राच्या कचेरीत तारा पाठविणे बंद करून सर्व कारकुनांना खांब उभारण्याच्या कामाला लावावे, तसाच हा प्रकार आहे.

निरोप कसा पोहोचतो

दूरवरच्या पेशीस आपला तंतू तुटला हे कळते तरी कसे? याचे उत्तर एकच नाही. पहिली गोष्ट अशी की, घावाच्या जागी तंतूचे आवरण फाटताच बाहेरील कॅल्शियम आत घुसते आणि विद्युत्‌लहरींचा एक लोंढा उलट दिशेने पेशीकडे धावतो. ही जणू तातडीची तार. दुसरी गोष्ट, अक्षतंतूच्या आत पेशीकडून टोकाकडे व टोकाकडून पेशीकडे अशी पदार्थांची अखंड ने-आण चालू असते. घावाच्या जागी तयार झालेली काही प्रथिने या परतीच्या वाहतुकीतून पेशीच्या केंद्रापर्यंत जातात. ती टपालाने आलेली बातमी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बातमी न येणे. स्नायू आणि तंतूच्या भोवतालच्या पेशी मज्जापेशीस काही पोषक द्रव्ये सतत पुरवीत असतात. तंतू तुटल्यावर तो पुरवठा थांबतो, आणि त्या अभावावरूनच पेशी ओळखते की संबंध तुटला आहे.

या पोषक द्रव्यांचे महत्त्व नवजात उंदरांवरील प्रयोगांत फार स्पष्ट दिसून आले. प्रौढ उंदराचा आनन-मज्जातंतू कापला तर पुंजातील बहुतेक पेशी तग धरतात. नवजात पिलाचा कापला तर बहुतेक पेशी मरतात. १९९० साली सेंटनर, क्रॉइट्‌सबर्ग आणि थोएनन यांनी पिलांच्या कापलेल्या तंतूच्या टोकाशी एक विशिष्ट मज्जापोषक प्रथिन ठेवले, तेव्हा मरणाऱ्या पेशी वाचल्या. म्हणजे जिवंत राहण्यासाठीही मज्जापेशीस आपल्या स्नायूकडून सांगावा यावा लागतो. वय वाढते तसे हे परावलंबन कमी होते.

जोडण्या सुटतात

आनन-पुंजातील पेशी एकटी नसते. तिच्या पृष्ठभागावर इतर मज्जापेशींच्या तंतूंची असंख्य टोके येऊन भिडलेली असतात. मोठ्या मेंदूकडून येणाऱ्या इच्छेच्या आज्ञा, डोळ्याच्या बुबुळास धूळ लागताच पाचव्या मज्जातंतूमार्फत येणारी सूचना, भीती व आनंद यांचे आवेग, हे सर्व या जोडण्यांवाटे तिच्यापर्यंत पोहोचतात. काही जोडण्या तिला उत्तेजन देतात, काही तिला आवरतात. दोहोंचा मेळ बसला म्हणजे पापणी योग्य क्षणी मिटते आणि हसू योग्य तितकेच उमटते.

१९६८ साली म्युनिकमधील कार्ल ब्लिन्‌त्सिंगर आणि गेओर्ग क्रॉइट्‌सबर्ग यांनी उंदरांचा आनन-मज्जातंतू दुखावून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुंजाचे निरीक्षण केले. तेथे त्यांना एक अपूर्व दृश्य दिसले. सूक्ष्मश्लेषपेशी नावाच्या लहान पेशी, ज्यांना मेंदूचे पहारेकरी व झाडूवाले म्हणता येईल, त्या जखमी मज्जापेशींभोवती गोळा झाल्या होत्या. त्यांचे पातळ हात मज्जापेशीचा पृष्ठभाग आणि त्याला भिडलेली टोके यांच्यामध्ये घुसून ती टोके पेशीपासून अलग करीत असल्यासारखे दिसत होते. भिंतीवरून वेल सोडवावा तशा या जोडण्या सुटत होत्या. पुढे दुसऱ्या प्रकारच्या, ताराकृती पेशींचे पातळ पापुद्रे त्या मोकळ्या पृष्ठभागावर आच्छादन घालतात, असेही आढळले. जोडण्या सोडविण्याचे काम सूक्ष्मश्लेषपेशी स्वतः करतात की मज्जापेशी आपण होऊन त्या सोडते, यावर मतभेद आहेत; कारण या पेशींची वाढ औषधाने थोपविली तरी जोडण्या सुटल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. जोडण्या सुटतात ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

यावरून असे वाटेल की, जखमी पेशी बधिर होऊन स्वस्थ बसत असावी. विद्युत्‌मापनाने याहून गुंतागुंतीचे चित्र पुढे आले. १९५८ साली एकल्स, लिबेट आणि यंग यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील, तंतू तोडलेल्या पेशींत अतिसूक्ष्म काचनळी घालून त्यांचे विद्युत्‌वर्तन नोंदविले. बाहेरून येणाऱ्या निरोपाचा परिणाम क्षीण व सावकाश झाला होता. परंतु पेशीच्या फांद्या स्वतःच लहानलहान विद्युत्‌स्फुरणे निर्माण करू लागल्या होत्या. एरव्ही त्या असे करीत नाहीत. पेशीस कमी ऐकू येते. पण जे ऐकू येते त्यावर ती पूर्वीपेक्षा लवकर भडकते.

आनन-पुंजातही असाच भडकपणा निर्माण होतो, असे मानण्यास एका वेगळ्याच रोगावरून आधार मिळाला. काही लोकांत एक रक्तवाहिनी मज्जातंतूच्या मुळाशी टेकते आणि अर्धा चेहरा पुनःपुन्हा आकसतो. १९८४ साली मोलर आणि जॅनेटा यांनी अशा रोग्यांवरील शस्त्रक्रियेच्या वेळी विद्युत्‌मापन केले आणि या आचक्यांचा उगम केवळ दाबलेल्या जागी नसून आनन-पुंजाच्या अतिउत्तेजिततेत असावा, असा निष्कर्ष मांडला. मज्जातंतूला होणारी दीर्घकाळची इजा मस्तिष्कस्तंभातील पेशींचा स्वभावच पालटू शकते, असा याचा अर्थ होतो.

परतीची वाट आणि चुकलेले पत्ते

तुटलेला तंतू पुन्हा वाढतो. घावापलीकडील निर्जीव भाग साफ केला जातो. श्वॅन पेशी नावाच्या वेष्टनपेशी रांगेने उभ्या राहून जणू मार्गदर्शक दोर धरतात. आणि नवा अंकुर त्यांच्या आधाराने दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुढे सरकतो. कानशिलाच्या हाडापासून चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत अंतर सुमारे दहा-बारा सेंटिमीटर धरले, तर या प्रवासास तीन-चार महिने लागतात हे साध्या भागाकाराने कळेल.

प्रत्यक्ष रोग्यांतही असेच दिसते. कोपनहेगनचे पायटरसन यांनी बेल यांच्या नावाच्या लकव्याचे १,७०१ रोगी औषध न देता दीर्घकाळ पाहिले. त्यांपैकी शेकडा ८५ जणांच्या चेहऱ्यात तीन आठवड्यांच्या आत हालचाल दिसू लागली. उरलेल्यांत ती तीन ते पाच महिन्यांनी दिसली. शेकडा ७१ पूर्णपणे बरे झाले. पहिल्या गटातील बहुतेकांचे तंतू केवळ चेपून मुके झाले असावेत. दुसऱ्या गटातील तंतूंना मुळापासून वाट चालावी लागली.

आनन-पुंजात प्रत्येक स्नायूच्या पेशींचा वेगळा गट असतो, म्हणजे तेथे चेहऱ्याचा एक नकाशाच मांडलेला असतो. तंतू नुसता चेपला असेल आणि त्याची नळी शाबूत असेल, तर अंकुर आपल्याच नळीतून आपल्याच स्नायूकडे जातो. परंतु मज्जातंतू पुरता तुटला, तर हजारो अंकुरांना हजारो नळ्यांतून आपली नळी शोधावी लागते, आणि पुष्कळांचा पत्ता चुकतो. डोळ्याच्या गटातील पेशीचा तंतू ओठाकडे जातो, ओठाच्या गटातील डोळ्याकडे. मस्तिष्कस्तंभास या अदलाबदलीची वार्ताच नसते. डोळ्यास वाऱ्याची झुळूक लागताच तो नेहमीप्रमाणे पापणी मिटण्याची आज्ञा देतो. ती ओठापर्यंत जाते आणि तोंडाचा कोपरा झटका खातो. माणूस हसू लागला की डोळा बारीक होतो. यास सहचलन म्हणतात. लाळग्रंथीकडे जाणारे तंतू चुकून अश्रुग्रंथीकडे गेले, तर घास तोंडात घेताच डोळ्यांतून पाणी वाहते. वैद्यकात यास नक्राश्रू म्हणतात. बिचाऱ्या रोग्याच्या मनात मात्र कसलेच ढोंग नसते.

केवळ पत्ते चुकल्याने हे सर्व घडते, असे पूर्वी मानीत. आता त्यात पुंजातील बदलांचाही वाटा धरला जातो. एकतर पेशी अधिक भडक झालेल्या असतात. दुसरे, सुटलेल्या जोडण्या पुन्हा बसताना पूर्वीचा मेळ जसाच्या तसा साधेलच असे नाही. टेलिफोनच्या तारा बाहेर रस्त्यात उलटसुलट जोडल्या गेल्या, आणि त्याच वेळी आत कचेरीतही जोडणीफलक नव्याने लावला गेला, तर कोणाची हाक कोणास लागेल हे सांगणे कठीण होईल.

मेंदूच्या वरच्या मजल्यावर

या घटनेचे पडसाद मस्तिष्कस्तंभाशीच थांबत नाहीत. उंदराच्या मोठ्या मेंदूत मिशा हालविणारे एक क्षेत्र असते. १९८८ साली सेन्स, डोनोह्यू आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या मिशांकडे जाणारी मज्जातंतूची शाखा तोडली आणि त्या क्षेत्रास सौम्य विद्युत्‌प्रवाहाने डिवचले. अवघ्या काही तासांतच त्या क्षेत्राने पुढचा पाय किंवा डोळ्याचे स्नायू यांना चालना देण्यास आरंभ केला होता. गावातील ओसाड पडलेल्या जमिनीवर शेजाऱ्याने नांगर धरावा, तसाच हा प्रकार.

डोळा मिटत नसल्याने मस्तिष्कस्तंभ आपल्या बाजूने आणखी एक उपाय करून पाहतो. कोरड्या बुबुळाकडून सतत तक्रारी येत राहतात, तेव्हा पापणी मिटविणारी सारी यंत्रणा अधिक संवेदनशील बनते. उद्देश चांगला असतो. परंतु क्वचित याचा अतिरेक होऊन पापण्या आपोआप घट्ट मिटू लागल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. आणि दुबळ्या पापणीत लहानसे सोन्याचे वजन बसवून ती मिटण्याची सोय केल्यावर हा त्रास कमी झाल्याचेही आढळले आहे. पापणीवरचा भार मेंदूतील खळबळ शांत करतो, यावरून चेहरा व मेंदू यांचे नाते किती दुहेरी आहे हे ध्यानात यावे.

रोग्याच्या दृष्टीने

या ज्ञानातून रोग्यासाठी काही सरळ नियम निघतात. पहिला नियम डोळ्याचा. मज्जातंतू बरा होण्यास महिने लागू शकतात. उघडे राहिलेले बुबुळ मात्र थोड्याच काळात कोरडे पडून जखमी होते आणि दृष्टी गमावली जाऊ शकते. म्हणून वैद्याच्या सल्ल्याने ओलावा राखणारी औषधे घालणे आणि झोपताना पापणी मिटवून ठेवणे हे सर्वांत आधीचे काम होय.

दुसरा नियम वेळेचा. स्कॉटलंडमध्ये केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लकवा झाल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे सूज उतरविणारे औषध सुरू केलेल्या रोग्यांपैकी शेकडा ९४ हून अधिक जण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झाले होते. हे औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा सुमारे ८२ होते. सूज वेळीच उतरली तर हाडाच्या बोगद्यात चेपलेला तंतू तुटण्यापासून वाचतो, आणि पुढची सारी उलथापालथ टळते. हे औषध मधुमेह्यांस अपाय करू शकते, म्हणून ते वैद्यानेच द्यावयाचे असते. जे तीन दिवस वारे लागले म्हणून शेकण्यात आणि उतारा टाकण्यात जातात, तेच नेमके मोलाचे असतात.

तिसरा नियम संयमाचा. चेहरा लवकर चालू व्हावा म्हणून कित्येक जण सर्व बळ एकवटून तोंड वेडेवाकडे करीत राहतात. परंतु पुंजातील पेशी आधीच भडक झालेल्या असताना जोराने केलेली हालचाल चुकीच्या स्नायूंनाही सोबत ओढते आणि ती सवय पक्की होते. त्याऐवजी आरशासमोर बसून, एका वेळी एकच लहानशी हालचाल, सावकाश व दोन्ही बाजूंचा तोल राखून करण्याचा सराव शिकविला जातो. मेंदूस नवा पत्ता शिकवावयाचा, तर ओरडून चालत नाही; पुनःपुन्हा शांतपणे सांगावे लागते.

कुष्ठरोगातही वेळीच उपचार हाच मुख्य उपाय. या रोगाचा जंतू १८७३ साली हान्सेन यांनी शोधून काढला. त्वचेजवळून जाणारे, तुलनेने थंड राहणारे मज्जातंतू तो विशेष पकडतो. म्हणून गालाच्या हाडावरून डोळ्याकडे जाणारी आनन-मज्जातंतूची शाखा पुष्कळदा त्याच्या तावडीत सापडते आणि पापणी मिटेनाशी होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधांचा एकत्रित उपचार पुरस्कारिला, आणि आज तो विनामूल्य मिळतो. ज्यांची शाखा कायमची निकामी झाली त्यांच्यासाठी गिलीज यांच्या नावाने ओळखली जाणारी एक शस्त्रक्रिया आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या अवयवांच्या पुनर्रचनेचे जे मोठे काम उभे केले, त्यात चेहऱ्याच्या अशा शस्त्रक्रियांनाही स्थान होते. या शस्त्रक्रियेत कानशिलावरील चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापण्यांपर्यंत आणून बसवितात. हा स्नायू आनन-मज्जातंतूचा नव्हे, पाचव्याचा ताबेदार. म्हणून रोग्याला दात चावून डोळा मिटण्यास शिकावे लागते. आरंभी हे विचित्र वाटते. परंतु सरावाने जमते. मस्तिष्कस्तंभातील एका पुंजाने गमावलेले काम दुसऱ्या पुंजाकडून करवून घेण्याचा हा एक यशस्वी प्रकार होय.

रघुनाथरावांच्या काळी झाशीच्या राजवाड्यातही या रोगावर गुणकारी औषध मिळणे शक्य नव्हते. त्याच शहरात त्यांच्या भावजयीच्या नावाने १९६८ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, आणि जो उपचार राजाला लाभला नाही तो आज सामान्य माणसास मिळू शकतो. मात्र त्यासाठी त्याने वेळेवर दार ठोठवावयास हवे. सकाळी चूळ भरताना ओठातून पाणी गळले, तर त्या क्षणी मस्तिष्कस्तंभातील हजारो पेशींपुढे प्रश्न उभा असतो: आज्ञा देत राहावयाचे, की सारे सोडून दुरुस्तीस लागावयाचे? रोगी जितक्या लवकर वैद्याकडे जाईल, तितक्या अधिक पेशींवरील हा प्रसंग टळेल, आणि तितके त्याचे हसू त्याच्याच ताब्यात राहील.